मांडवातली इंग्रजी

शाळेच्या मोठ्या बाईंनी अक्षताचा विज्ञानाचा पेपर माझ्यासमोर धरला आणि मोठ्याने वाचला. प्रश्न होता, "स्टेट टू युजेस ऑफ सॉल्ट." खाली माझ्या नातीने लिहिलेलं उत्तर होतं, "महाराष्ट्र अँड गुजरात." ऑफिसातला कारकून हसला. पाणी घेऊन आलेली शिपाईबाई हसली. मला इंग्रजी येत नाही, म्हणून मला हसू आलं नाही. अक्षताला आलं नाही, कारण ते तिनेच लिहिलं होतं. दहा वर्षांची पोर माझ्याशेजारी उभी राहून बुटाच्या टोकाने फरशीवरचा डाग पुसत होती. डाग जुना होता, निघणारा नव्हता.

मोठ्या बाईंनी मग आवाज खाली आणला. अशा वेळी आवाज खाली आणतात ते जास्त वाईट बोलायचं असतं म्हणून. मुलगी ऑक्टोबरपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही, म्हणाल्या. एकदा डोक्याच्या डॉक्टरला दाखवून घ्या. वार्षिक परीक्षेत पास झाली तर सहावीत बसवू, नाहीतर दाखला घेऊन जा आणि मराठी शाळेत घाला.

"बाई, ही पोर घरान गप बसत नाय," मी म्हणाले.

"घरी सगळेच बोलतात, आजी," त्या म्हणाल्या आणि पेपर मिटला.

तो फेब्रुवारी होता. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये.

दर वर्षी होळी झाली की मला तो पेपर आठवतो. आठवायला लागतंच असं नाही, आजूबाजूची पोरंच आठवण करून देतात. पनवेलजवळच्या आमच्या सुकापूरला आता बिल्डिंगीला बिल्डिंग लागली आहे. मार्चमध्ये सकाळी गॅलरीत वाल सोलायला बसलं की चारही बाजूंनी पोरं घोकत असतात. कुणी एकच ओळ वीस वेळा म्हणतं, कुणी मधेच रडतं, कुणाची आई स्वयंपाकघरातून ओरडते. त्याच दिवसांत गावांमध्ये लग्नाचे मांडव पडतात. एका कानाला पाठांतर आणि दुसऱ्या कानाला डीजे. पूर्वी दुसऱ्या कानाला डीजे नव्हता, मी होते.

हे सांगायला हवं. आमच्या आगरी लग्नाला भटजी लागतो तशी धवलारीण लागते. मांडव घालायचा, हळद लावायची, नवरीला बाहेर काढायचं, प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं. त्याला धवला म्हणतात. धवलारीण पुढे ओळ म्हणते, मागच्या बायका ओळीचं टोक पकडून ती पुरी करतात. त्याला आम्ही झेलणं म्हणतो. मी चौथीपर्यंत शिकले, नंतर लग्न होईपर्यंत बापाबरोबर मिठागरात राबले, आणि धवला सासूच्या मागे बसून झेलत झेलत शिकले. कुणी वही दिली नाही, परीक्षा घेतली नाही. सासू एकदा तापाने पडली आणि मला पुढे बसवलं, तीच परीक्षा.

अक्षता चौथीपर्यंत गावच्या शाळेत होती आणि पहिली यायची. माझा मुलगा बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. रस्त्यात भेटणाऱ्या साहेबलोकांचं इंग्रजी ऐकून त्याच्या मनात भरलं होतं की आपल्या मुलीला ते आलं पाहिजे. आम्ही सुकापूरला आलो तेव्हा त्याने तिला पाचवीला इंग्रजी शाळेत घातलं. सून तळोज्याच्या कारखान्यात कामाला. मुलगा चार दिवस रस्त्यावर, एक दिवस घरी. शाळेने बोलावलं की जायची मी.

गंमत अशी की अक्षताला इंग्रजी येत नाही असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. टीव्हीवरची कार्टूनं ती इंग्रजीत बघायची. खालच्या दुकानदाराला "अंकल, वन शाम्पू, फास्ट" म्हणायची. बिल्डिंगमधल्या पोरींशी इंग्रजीत भांडायची, आणि भांडण जिंकायची. मी सगळ्या नातेवाइकांना सांगून बसले होते की आमची पोर फाडफाड बोलते. आणि इथे ही महाराष्ट्र अँड गुजरात.

शाळेच्या गेटाबाहेर शाहीन टीचरने आम्हाला गाठलं. त्या विज्ञान शिकवायच्या, तो पेपर त्यांनीच काढला होता. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यात राहायच्या, घरी कोकणी बोलायच्या, शिकल्या उर्दू शाळेत, कॉलेज केलं इंग्रजीत. ऑफिसात त्या कोपऱ्यात उभ्या होत्या आणि हसल्या नव्हत्या, ते मी बघून ठेवलं होतं.

"आजी, पोरीचं डोकं एकदम ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मीठ महाराष्ट्रात आणि गुजरातेत होतं हे खरंच आहे. स्टेट म्हणजे राज्य हेही खरं आहे. तिने बरोबर उत्तर लिहिलंय. फक्त प्रश्न दुसरा होता."

मग त्यांनी मला समजावलं. पेपरात स्टेट म्हणजे राज्य नव्हे, थोडक्यात सांग; मिठाचे दोन उपयोग सांग, एवढंच विचारलं होतं. आपण बोलतो ती इंग्रजी वेगळी आणि पेपरातली वेगळी. अक्षताला पहिली येते, दुसरी तिला कुणी शिकवलीच नाही, कारण पहिली ऐकून सगळ्यांना वाटतं दुसरी येतच असेल. "मलाही वाटलं होतं," शाहीन टीचर म्हणाल्या. "त्यात कुसूर माझा आहे." शाळेतल्या माणसाने चूक कबूल केलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. नंतरही फार वेळा पाहिली नाही.

तेव्हा मला सगळं कळलं असं नाही. घरी येताना मी अक्षताला एवढंच विचारलं की तू वर्गात बोलत का नाहीस. ती म्हणाली, बोलले तर सगळ्यांना कळेल.

कळलं मला पंधरा दिवसांनी, एका मांडवात. लग्न नात्यातलं होतं, मी पुढे बसले होते आणि अक्षता मागच्या बायकांत घुसली होती. हळदीचा धवला सुरू झाला. मागून एक बारीक आवाज ओळी झेलत होता, न चुकता. मी वळून पाहिलं तर आमचीच. आता धवल्यातले शब्द घरी कुणी बोलत नाही. घरी आपण म्हणतो पाणी आण. धवल्यात ते पाणी कुठल्या विहिरीचं, कुणी भरलं, कशात भरलं, कुणाच्या डोक्यावरून आलं, एवढं सगळं क्रमाने सांगितल्याशिवाय पाणी मांडवात येतच नाही. घरात असं बोललं तर लोक म्हणतील बाईला लागीर झालं. मांडवात असं नाही बोललं तर लग्न लागल्यासारखं वाटत नाही. आणि ही दहा वर्षांची पोर ती भाषा गप्पकन झेलत होती, नुसती मागे बसून बसून.

म्हणजे हिचं डोकं बिघडलेलं नाही. हिला शाळेच्या मांडवात कुणी मागे बसवून घेतलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी शाहीन टीचरकडे गेले आणि सरळ विचारलं, तुमच्या पेपराचा धवला कुठला ते मला लिहून द्या. आधी त्यांना काही समजलं नाही. मग मी धवल्याचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, आणि जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडून त्याच्या पाठीवर शब्द लिहिले. इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत, माझ्यासाठी, आणि पुढे त्याचं काम. स्टेट, म्हणजे नुसतं सांग, पाल्हाळ नको. डिस्क्राइब, म्हणजे दिसतं तसं सांग. एक्सप्लेन, म्हणजे का ते सांग. कंपेअर, म्हणजे दोन गोष्टी शेजारी ठेव आणि कशात सारख्या, कशात वेगळ्या ते सांग. मी म्हणाले, म्हणजे दोन सुना शेजारी उभ्या करतात तसं. त्या म्हणाल्या, अगदी तसंच, पण शेवटी भांडण नको.

खाली जोडायचे शब्द होते. बिकॉज, देअरफोर, व्हेअरअ‍ॅज. आपल्यात कारण, म्हणून, उलट.

आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. पोरीला आधी तिच्या भाषेत पूर्ण सांगू दे. "मराठीत जिला 'का' सांगता येत नाही, तिला इंग्रजीत कुठून येणार? आणि मराठीत येत असेल तर अर्धं काम झालंच."

मी ते पान स्वयंपाकघरात, भांड्यांच्या मांडणीवर चिकटवलं. त्या दिवसापासून आमच्या घरात काम सांगायची पद्धत बदलली. बाजारातून सुके बोंबील आणले की मी म्हणायची, डिस्क्राइब. अक्षताने सांगायचं, लांबट आहेत, पातळ आहेत, वास असा आहे, मोडले की आवाज असा येतो. नुसतं "चांगले हायत" म्हटलं तर चालायचं नाही, फिरून सांग. दूध उतू गेलं की एक्सप्लेन. आधी ती म्हणायची, माझं लक्ष नव्हतं. मी म्हणायची, ते तुझं कारण झालं, दुधाचं कारण सांग. मग ती विचार करायची. आपलं पोर विचार करताना बघायला मजा येते, तोंड वाकडं होतं.

सून कामावरून दमून यायची आणि तिला हे ऐकू यायचं. एकदा तिने नवऱ्याला फोनवर सांगितलं की तुमची आई वेडी झाली आहे, भेंडी आणि गवारीचं कंपेअर करायला लावते. तो हसला आणि म्हणाला, करू दे, तिच्यासारखी मास्तरीण फुकट मिळत नाही. सून म्हणाली, फुकट कसली, दूध रोज उतू जातंय.

पुस्तकात पाण्याची वाफ होऊन मीठ मागे राहतं असा धडा होता. तो मात्र मला शिकवावा लागला नाही, मी तो जगले होते. खाऱ्या पाण्याला बांध घालून ते एका खणातून दुसऱ्या खणात कसं घेतात, ऊन आणि वारा पाण्याला कसं खातात, पाणी कमी होत जातं तसं ते जड कसं होतं, आणि एक दिवस तळाला पांढरं कसं धरतं, हे सगळं मी अक्षताला सांगितलं. आणि तिच्याकडून उलटं सांगून घेतलं. "आधी काय?" "मंग काय?" "का?" एवढे तीनच प्रश्न मला येत होते. तेवढे पुरतात.

हळूहळू बातमी पसरली. त्या वर्गात अक्षतासारखीच चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून आलेली आणखी चौघं होती. रोहिणी, सपना, इम्रान आणि दर्शना. शाहीन टीचरनेच त्यांना माझ्याकडे पाठवलं. दुपारी शाळा सुटली की पाचही आमच्या गॅलरीत. मी त्यांना तांदळाचे पापड भाजून द्यायची आणि पापड खायच्या आधी प्रत्येकाने पापडाबद्दल एक वाक्य पूर्ण बोलायचं. इम्रान म्हणाला, पापड फुगला बिकॉज आत पानी होतं. सपना म्हणाली, देअरफोर तो मोडतो. भाषेची खिचडी झाली होती, पण कारण जागेवर होतं. दर्शना मात्र पापडाकडे बघत बसायची आणि म्हणायची, आजी, मना फकस्त पापड दे.

मग मी एक घोडचूक केली.

मला वाटलं, एवढं येतंय तर सगळं गाण्यात बसवू. शाहीन टीचरने वर्गात वहीत लिहून दिलेली उत्तरं मी धवल्याच्या चालीवर पोरांकडून पाठ करवून घेतली. पुढची ओळ रोहिणी म्हणायची, मागची बाकीची झेलायची. समोरच्या बिल्डिंगीतली एक बाई गॅलरीत येऊन बघून गेली, इंग्रजीत कुणाचं लग्न आहे म्हणून. आठ दिवसांत पाचांचीही उत्तरं तोंडपाठ झाली. मी खूश. वर्गात चाचणी झाली. प्रश्न होता पाण्याची वाफ का होते. आधीच्या चाचणीत होता गार तांब्याला बाहेरून पाणी का सुटतं. पाचही पोरांनी वाफेच्या प्रश्नाला तांब्याचं उत्तर लिहिलं. शब्दाला शब्द, सुरेख अक्षरात.

शाहीन टीचर त्या दिवशी घरी आल्या. बूट काढायच्या आधीच बोलायला लागल्या. "आजी, हे काय करून ठेवलंत? मी म्हटलं होतं समजून सांगू दे, तुम्ही पोपट केलेत."

मी चहा ठेवला. मला राग आला होता, पण त्यांचा नाही. त्यांनी चहा घेतला, मग विचारलं, तुम्ही प्रत्येक लग्नात तोच धवला गाता का?

म्हटलं, तोच कसा? चाल तीच. पण नावं त्या घरची घ्यायची. नवरा कुठल्या गावचा, त्याचा देव कुठला, नवरीचा मामा कोण, आजी कोण. दुसऱ्या घरची नावं घेतली तर मांडवातून उठवतील.

"मग पोरांना तेच शिकवा," त्या म्हणाल्या. "चाल तीच, नावं त्या प्रश्नाची."

मला स्वतःचाच राग आला. चाळीस वर्षं जे करते आहे ते माझं मलाच दिसलं नव्हतं.

तिथून पुढे आम्ही उत्तरं पाठ करणं बंद केलं. फक्त सांगाडा पाठ करायचा. अमुक होतं, बिकॉज तमुक. देअरफोर असं. अमुक असं आहे, व्हेअरअ‍ॅज तमुक तसं आहे. सांगाड्यात काय भरायचं ते ज्याचं त्याने प्रश्न बघून ठरवायचं. आणि प्रश्न वाचला की आधी पहिला शब्द, मग कशाबद्दल विचारलंय तो शब्द बोटाने दाबायचा, लग्न कुणाचं आहे ते कळायला. पोरांना हे एका दुपारी समजलं. मी धवला म्हणताना मुद्दाम चुकीच्या मामाचं नाव घेतलं आणि रोहिणी ओरडली, आजी, हा मामा या लग्नातला नाय. मी म्हटलं, तसंच तांब्याचं उत्तर वाफेत नाय.

तरी अक्षता वर्गात बोलत नव्हती. गॅलरीत बोलायची, शाळेत तोंड बंद. लेखी परीक्षा एक वेळ निघाली असती, पण विज्ञानाची तोंडी परीक्षा होती आणि मोठ्या बाई स्वतः घेणार होत्या. दाखल्याचं शाळेने पुन्हा एकदा कळवलं होतं. सुनेने गावच्या शाळेत विचारून ठेवलं होतं, परत घेतील का म्हणून. परत गेली असती तरी ती मेली नसती. पण ती हरली म्हणून परत गेली असती, आणि खरं तर ती हरलीच नव्हती.

तोंडीच्या दिवशी एप्रिलचं ऊन होतं आणि लोडशेडिंग. पंखे बंद, म्हणून खिडक्या सताड उघड्या. मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आत मोठ्या बाईंनी काहीतरी विचारलं. मला फक्त पहिला शब्द कळला. एक्सप्लेन.

शेजारच्या वर्गात कुणीतरी पट्टी आपटली. मग अक्षताचा आवाज आला, अगदी खालून, मराठीत, आमच्या गावच्या मराठीत. ती स्वतःशीच बोलत होती. वारा सुटला का ओली हवा पुढं ढकलतो, मंग पानी उडायला जागा मिलते.

मोठ्या बाईंनी विचारलं, ही काय बोलते आहे?

शाहीन टीचर म्हणाल्या, "ती आधी घरच्या भाषेत मांडून घेते, मॅडम. आता इंग्रजीत आणेल."

आणि तिने आणलं. मला त्यातलं काहीही समजलं नाही, आणि मला सगळं समजलं. बिकॉज जागेवर आलं. थोडं थांबून देअरफोर आलं. ओळ संपताना तिचा आवाज वर गेला, मागच्या बायकांनी झेलावी तसा, आणि झेलणारं कुणी नव्हतं म्हणून तिने स्वतःच ती पुरी केली. नंतर तिने सांगितलं की वाऱ्यात कपडे लवकर का वाळतात असा प्रश्न होता. मोठ्या बाई "गुड" म्हणाल्या. डॉक्टरचं परत कधी बोलल्या नाहीत, पण चुकले असंही म्हणाल्या नाहीत. सगळ्यांना नाही जमत.

आता अक्षता पनवेलला कॉलेजात आहे आणि तिला गप्प करणं ही आमची अडचण झाली आहे. जेवताना आईशी वाद घालते. तू म्हणतेस मी उशिरा येते, व्हेअरअ‍ॅज बाबा चार दिवसांनी येतात, देअरफोर ओरडायचं तर आधी त्यांना. सून माझ्याकडे बघते. मी वाल सोलत राहते. त्या व्हेअरअ‍ॅजला मीच घरात आणलं.

लोक मला विचारतात, इंग्रजी येत नसताना तुम्ही शिकवलंत कसं. मी शिकवलं नाही. इंग्रजी शाहीन टीचरने शिकवली. मी फक्त का विचारत राहिले आणि पापड भाजत राहिले. त्यातही एकदा सगळी पोरं बुडवायची वेळ आणली होती, ते मी वर लिहिलंच आहे.

निकाल मेच्या पहिल्या आठवड्यात लागला. त्या वर्षी मराठी शाळेतून त्या वर्गात पाच मुलं आली होती. अक्षता, रोहिणी, सपना आणि इम्रान सहावीत गेली. दर्शना नापास झाली आणि तिच्या बापाने दाखला काढून तिला मराठी शाळेत घातलं.